केनिया कशाला, ऐरोलीला उतरा!

भेटेल त्याला धरून सांगावं असं काहीतरी सध्या माझ्या हाती लागलंय आणि माझ्या तावडीतून कुणी सुटत नाहीये. दूधवाला झाला, सोसायटीचे सेक्रेटरी झाले, लेडीज डब्यातल्या मैत्रिणी तर दोनदा ऐकून झाल्या. सगळ्यांना माझा एकच प्रश्न, "तुम्ही ठाण्याची खाडी पाहिलीत का हो?" उत्तर ठरलेलं, "रोजच बघतो की, कळव्याच्या पुलावरून." अहो, तशी नाही! होडीत बसून, ओहोटी लागलेली असताना, दोन्ही काठांना खारफुटी आणि समोर चिखलात हजारोंनी गुलाबी पक्षी उभे, अशी पाहिलीत का? मी पाहिली. डोंबिवलीत जन्म गेला, खाडीवरून येण्याजाण्यात तारुण्य गेलं, आणि आता कुठे ती खाडी मला भेटली. तेव्हापासून मी जमिनीवर नाही.

आधी थोडा हिशेब सांगते, म्हणजे माझा उत्साह उगाच नाही हे पटेल. इराणमध्ये रामसर नावाचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जगातल्या मोलाच्या पाणथळींची जी यादी त्या करारातून तयार होते, तिच्यात महाराष्ट्रातून पहिलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर गेलं, मग लोणारचं सरोवर गेलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिसरा नंबर कुणाचा लागला? आपल्या ठाण्याच्या खाडीचा! सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचा पट्टा. त्याच्या पोटात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ते जाहीर झालं ऑगस्ट २०१५ मध्ये. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या मधलं जवळजवळ १,६९० हेक्टर क्षेत्र, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन आणि बाकीचं पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. एवढं सगळं आपल्या लोकलच्या वाटेवर, आणि आपण खाडी आली की नाकाला रुमाल लावतो!

आता सुट्टीचं बघा. हल्ली सहलींच्या जाहिरातीत 'पर्यावरणपूरक' हा शब्द नसला तर जाहिरात पूर्ण होत नाही. बांबूच्या झोपड्या, मातीच्या भांड्यातलं जेवण, प्लास्टिकला बंदी. सगळं छान. फक्त तिथवर पोचायला दोन विमानं आणि वर एक एसी गाडी. आमच्या इमारतीतलं एक कुटुंब फ्लेमिंगो बघायला केनियाला जाऊन आलं. जरूर जावं, ऐपत असेल तर का जाऊ नये? जगातले बहुतेक लेसर फ्लेमिंगो टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरावर जन्माला येतात, आफ्रिका म्हणजे त्यांचं मोठं घर. पण त्याच जातीचे पक्षी दर हिवाळ्यात आपल्या दारात येऊन उभे राहतात, आणि त्यांना बघायला आपल्याला लागतं एक लोकलचं तिकीट, एक रिक्षा आणि होडीचं आरक्षण. पृथ्वीला याहून हलकी सहल कुठली असणार?

मला हे कळलं ते भाच्यामुळे. त्याला पक्ष्यांचं वेड. शनिवारी रात्री फोन, "मावशी, उद्या दशमी आहे, सकाळी लवकर निघायचं." मला वाटलं, दशमीचा कुठला उपास बिपास काढला याने! तर उपासाचं काही नव्हतं, भरतीचं होतं. कोळ्यांचा एक जुना हिशेब त्याने मला शिकवला आणि मी अक्षरशः थक्क झाले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमी असेल तर सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास उधाणाची भरती. दिवसाला दोन भरत्या, म्हणून सकाळ-संध्याकाळ तोच हिशेब. मुंबई बंदरापेक्षा खाडीत आत यायला पाण्याला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढा धरायचा. कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं असताना आपल्या घरात समुद्राचं वेळापत्रक लटकतंय हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ही वेळ का महत्त्वाची? कारण खाडीत सगळा खेळ पाण्याच्या उंचीचा. पूर्ण भरती असली की चिखल बुडतो, फ्लेमिंगोंना खायला जागा उरत नाही, मग ते उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांमध्ये विश्रांतीला जातात. पूर्ण ओहोटी असली की चिखल उघडा, पक्षी खुशीत, पण होडी रुतते. होडीला तरंगण्यापुरतं पाणी आणि पक्ष्यांना उभं राहण्यापुरता चिखल, हे दोन्ही जेव्हा जमतं तेवढीच वेळ आपली. म्हणून इथल्या फेऱ्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे ठरत नाहीत, रोज बदलतात. आज सकाळी, तर आठवड्याने दुपारी. आपल्या सोयीने न चालणारी सहल! मला तर यातच निम्मी मजा आली.

डोंबिवलीहून लोकल पकडली. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालताना उजव्या हाताला पाणी चमकायला लागलं, कळवा गेलं, खाडीवरचा पूल आला. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि दुसऱ्याच वर्षी रूळ ही खाडी ओलांडून कल्याणला पोचले. म्हणजे आपली कल्याण-डोंबिवली या पाण्यावरून पलीकडे जाता आलं म्हणून वाढली. ठाण्याला उतरून दहा नंबरवरून वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर धरली, ऐरोलीला उतरलो, रिक्षाने खाडीकाठी. तिथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. जवळच दिवा कोळीवाडा. हा ऐरोलीचा दिवा हं, आपलं दिवा जंक्शन नाही. रिक्षावाल्याला नीट सांगा.

होडीत बसण्याआधीच मी खारफुटीच्या प्रेमात पडले. लांबून हे सगळं एकसारखं हिरवं झुडूप वाटतं. जवळ गेल्यावर बघा! भाच्याने तिवराच्या पानाकडे बोट केलं. "मावशी, पान तोडू नकोस. नुसतं बोट फिरव आणि जिभेला लाव." लावलं, आणि खारट! चक्क मीठ! तिवर खाडीचं खारं पाणी पितो आणि नको ते मीठ पानांतून बाहेर टाकतो. खाली चिखलात पेन्सिलीएवढी मुळं वर तोंड करून उभी, शेकड्यांनी. चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पलीकडे चिप्पी. तिची बहीण पांढरी चिप्पी हा तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष. राज्यफूल ताम्हण आणि राज्यपक्षी हरियाल हे आपण शाळेत पाठ केलं होतं, आता यादीत हिची भर घाला.

आणि त्या मुळांमध्ये निवट्या! हा मासा पाण्यातून बाहेर येतो, पुढच्या परांवर शरीर रेटत चिखलावर चालतो, टाणकन उडी मारतो आणि डोक्यावरचे दोन डोळे बाहेर काढून आपल्याकडे बघत बसतो. अंग ओलं आहे तोवर कातडीतून श्वास घेऊ शकतो. दोन निवट्यांची एका वीतभर जागेवरून जुंपली होती, पाठीवरचे पर ताठ करून एकमेकांवर चाल करून जात होते. त्यांच्या शेजारी एक खेकडा, एक नांगी इवलीशी आणि दुसरी त्याच्या अख्ख्या देहाएवढी, ती वर-खाली हलवत कुणाला तरी बोलावत होता. मी तिथेच उकिडवी बसले. भाचा म्हणाला, "मावशी, होडी सुटेल, चल." मला उठवेना.

होडीत आधी लाइफ जॅकेट. मग तांडेलाने ताकीद दिली, "ताई, हात आत ठेवा. पक्षी दिसले की आवाज नको, उभं राहायचं नाही." खाडीकाठच्या कोळीवाड्यातलाच माणूस. त्याची नजर पक्ष्यांवर कमी आणि पाण्यावर जास्त. कुठे पाणी किती उरलंय हे त्याला रंगावरून कळतं. वाटेत शेकाट्यांची रांग दिसली, लांब लाल पायांवर उभी. राखी बगळे, काठावर बसलेला खंड्या, एका वठलेल्या फांदीवर मासा पायात धरून बसलेला कैकर. पलीकडच्या तीरावर मुंबईच्या उंच इमारती, अलीकडे ऐरोलीच्या. वर विजेच्या तारा. या सगळ्याच्या मधोमध इतकी शांतता कशी असू शकते, याचंच मला नवल वाटत होतं.

आणि मग वळण घेतलं, आणि ते दिसले.

काय सांगू! आधी वाटलं, दूरवर पाण्याच्या कडेला गुलाबी रंगाची पट्टी ओढली आहे. होडी जवळ गेली तशी पट्टी फुटली आणि एकेक पक्षी वेगळा झाला. मान, पाय, चोच. शेकडो? छे, हजारो! तांडेलाने इंजिन बंद केलं आणि मग ऐकू आला तो आवाज. सगळा थवा मिळून सतत काहीतरी कुजबुजत असतो, हलक्या घोगऱ्या सुरात, न थांबता. फोटोत हे येत नाही. फोटोत वासही येत नाही म्हणा, पण वासाचं पाच मिनिटांत भान राहत नाही.

दुर्बिणीतून एकालाच धरून बसले. लेसर फ्लेमिंगो, म्हणजे धाकटा रोहित. चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मान खाली, आणि चोच चक्क उलटी! वरची बाजू खाली करून पाण्यात घातलेली. आत जिभेची हालचाल भलती वेगात. पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळायचं, सूक्ष्म शेवाळ आत राहतं आणि पाणी बाहेर. हे शेवाळ म्हणजेच त्याचा रंग. त्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लू करडं जन्मतं, चांगलं दोन-चार वर्षं खाऊनपिऊन गुलाबी होतं. थव्यात असे करडे-तपकिरी किशोर बरेच होते. त्यांच्यात मधूनच एखादा उंच, फिका, गुलाबी चोचीचं टोक काळं असलेला, तो मोठा रोहित. तो शेवाळापेक्षा कोळंबीसारखे बारीक जीव जास्त खातो. म्हणून एकाच चिखलात दोघांचं भांडण न होता भागतं.

तेवढ्यात थव्याच्या एका टोकाला गडबड झाली. पन्नासेक पक्षी एकमेकांना चिकटून उभे राहिले, माना उंच केल्या आणि पाडव्याच्या शोभायात्रेतल्या लेझीम पथकासारखे एका दमात डावीकडे, एका दमात उजवीकडे चालायला लागले. मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर ओरडलेच असते. आणि मग काय बिनसलं कोण जाणे, कडेचे काही पळायला लागले. रोहित जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत धावत वर उठतो. पंख उघडले आणि आतला रंग दिसला! वरून फिका वाटणारा पक्षी पंखाखाली गर्द लाल आणि काठाला काळाभोर. अग्निपंख हे नाव त्याला का पडलं ते सांगायला नको. होडीत कुणीही बोलत नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी नुसते हात जोडले.

हे पक्षी येतात कुठून? मुख्यतः गुजरातेतून. कच्छच्या रणात, खाऱ्या चिखलात, ते घरटी करतात. पाणी आटायला लागलं की इकडे. साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिवडीच्या चिखलात ते नव्वदच्या दशकात नजरेत भरायला लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत मुंबई-ठाण्याच्या खाडीपट्ट्यातला आकडा लाखाच्या वर गेलेला आहे. गंमत अशी की ते इथे रमण्याचं एक कारण आपणच. भोवतालच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, आणि शेवाळावर रोहित पोसतो. म्हणून हुरळून जायचं नाही. तेच पाणी जास्त झालं, कारखान्यांचं विष वाढलं, तर हाच चिखल मरेल. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका विमानाला थवा धडकला आणि जवळपास चाळीस रोहित गेले. त्याच वर्षी नेरूळच्या तळ्यात भरतीचं पाणी नीट पोचेनासं झालं, तिथेही पक्षी मेले. चिखल, तळी आणि मधलं आकाश हे सगळं मिळून त्यांचं घर आहे, त्यातली एक खोली बंद करून चालत नाही.

दिलासा आहे तोही सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. बुलेट ट्रेनचा रूळसुद्धा इथे खाडीवरून जाणार नाही, खाडीखालून सात किलोमीटरच्या बोगद्यातून नेला जाणार आहे. आणि दक्षिणेला वेंगुर्ल्यात तर याहून गोड गोष्ट घडलीय. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तोडलेल्या तिवराच्या फाट्याला एकदाच पैसे मिळतात, उभ्या तिवराला दर रविवारी मिळतात, हे त्यांना कुठल्या तज्ज्ञाने सांगावं लागलेलं नाही. पर्यावरणपूरक पर्यटन म्हणतात ते हेच असावं. जंगल राखणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे.

परतल्यावर मला चैन पडेना. जे जे जवळ ते ते बघायचं ठरवलं. कल्याणचा दुर्गाडी किल्ला आपण नवरात्रातल्या जत्रेपुरता ओळखतो. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली. त्याच्याही कितीतरी आधीची, आजपासून दीड हजार वर्षांहूनही जुनी गोष्ट, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं, स्टेशनवरून चालत जाण्यासारखं. घोडबंदर रोडच्या ओवळ्याला फुलपाखरांची बाग, ठाण्याच्या डोक्यावर येऊरचं जंगल. या यादीतल्या कुठल्याही ठिकाणाला विमानतळ लागत नाही.

आता तुमचं काय? नोव्हेंबर ते मे या दिवसांत एक सकाळ काढा. होडीची जागा आधी राखून ठेवा, कारण भरतीनुसार फेऱ्या मोजक्याच असतात. गाडी घरी ठेवा, लोकलने जा. पाण्याची बाटली आणि डबा घरचा न्या, रिकामा परत आणा. पुलावर उभं राहून कुरवांना शेव-गाठी टाकणारी मंडळी दिसतील, त्यांच्यात सामील होऊ नका. पक्ष्यांना फरसाण पचत नाही. भडक कपडे नकोत, ड्रोन नको, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या तर मुळीच नकोत. उठलेला थवा चांगला दिसतो खरा, पण गुजरातेत परत जायला साठवलेली ताकद त्या उडण्यात खर्च होते. आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्याला आवर्जून न्या. पुढच्या वेळी कळव्याच्या पुलावर ते नाकाला रुमाल लावणार नाही, खिडकीशी जागा मागेल. एवढा फरक पडला तरी तुमच्या तिकिटाचे पैसे वसूल.